अलेक्झांडर ग्रॅहम बेल : कर्णबधिर मुलांचे शिक्षक



टेलिफोनचा शोध कोणी लावला, हा प्रश्न आपण दरवर्षी वर्गात विचारतो. मुलं एका सुरात ग्रॅहम बेल म्हणतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण त्या माणसाला कोणी व्यवसाय विचारला, तर तो स्वतःला शोधक म्हणत नसे. आपण कर्णबधिरांचे शिक्षक आहोत, असं सांगत असे. म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस. ३ मार्च हा बेल यांचा जन्मदिवस आणि त्याच तारखेला जागतिक श्रवण दिनही असतो. ही तारीख त्यांच्यामुळे मात्र निवडलेली नाही. ३-३ हे आकडे दोन कानांसारखे दिसतात, म्हणून ती निवडली. योगायोग छान जुळला आहे एवढंच.

हा पाठ लिहायला बसण्याचं खरं कारण माझी एक चूक आहे, ती आधी सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तर बघायचा नाही, श्रुतलेखनात भलतेच शब्द लिहायचा, विचारलं एक की सांगायचा दुसरंच. लक्ष नसतं, असा शेरा मी त्याच्या वहीत तीन वेळा लिहिला आणि शेवटी त्याला मागच्या बाकावर बसवलं. दिवाळीनंतर त्याची आई त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सारख्या सर्दीमुळे दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. उपचार झाले, कान मोकळे झाले, मुलगा सुधारला. पण ज्याला ऐकू येत नव्हतं त्याला मीच फळ्यापासून आणि माझ्या आवाजापासून लांब नेऊन बसवलं होतं, हे काही माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर मी कान या विषयावर वाचायला लागले आणि वाचता वाचता बेल यांच्यापाशी येऊन थांबले.

आईचा कान

अलेक्झांडर बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. घरात त्यांना अलेक म्हणत. बोलणं हाच या घराचा पिढीजात व्यवसाय होता. आजोबा शुद्ध उच्चार आणि वक्तृत्व शिकवायचे, वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हेही तेच शिकवायचे. आणि अशा घरात आई, एलायझा, हिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. ती कानाला नळी लावून ऐकायची. तरीही ती उत्तम पियानो वाजवायची आणि अलेकचे पियानोचे पहिले धडे तिच्याकडेच झाले.

बाकीचे लोक आईच्या नळीत मोठ्याने ओरडायचे. अलेकने वेगळी रीत शोधली. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलायचा. कंपनांमुळे तिला ते जास्त चांगलं समजायचं. बोटांनी अक्षरं दाखवण्याची लिपीही तो शिकला आणि घरातल्या गप्पा आईला बोटांवर सांगू लागला. आवाज फक्त कानातून जातो असं नाही, हाडांतून, त्वचेतून, डोळ्यांतूनही बोलणं पोचवता येतं, हे त्याला पुस्तकातून नव्हे तर आईच्या शेजारी बसून कळलं.

अलेक आणि त्याच्या थोरल्या भावाने मिळून एक बोलणारं यंत्रही बनवलं होतं. त्याला घसा होता, जीभ होती, ओठ होते. भात्याने हवा भरली की ते लहान बाळासारखं आईला हाक मारल्याचा आवाज काढायचं. मुलांच्या अशा उचापतींना घरात मोकळीक होती, हे पालकांनी जरूर लक्षात घ्यावं.

उच्चारांची चित्रं आणि आपली वर्णमाला

वडिलांनी १८६७ साली एक लिपी प्रसिद्ध केली. तिचं नाव व्हिजिबल स्पीच, म्हणजे डोळ्यांना दिसणारं बोलणं. कोणताही आवाज काढताना ओठ, जीभ, घसा कसे असतात हे त्या लिपीतल्या प्रत्येक खुणेतून कळायचं. ऐकू न येणाऱ्या मुलाला ही खूण दाखवली की जीभ कुठे टेकवायची हे त्याला समजायचं.

आपल्याला हे ऐकून फार नवल वाटायला नको. आपली वर्णमाला याच विचारावर उभी आहे. क म्हणताना जीभ मागे घशाकडे जाते, च म्हणताना टाळूला लागते, ट म्हणताना वर वळते, त म्हणताना दातांना टेकते आणि प म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असा तोंडाच्या आतून बाहेर येणारा हा प्रवास आहे. आपण मात्र मुलांकडून तो नुसता पाठ करून घेतो. कधी आरसा घेऊन क ते म म्हणायला लावा, मुलं चकित होतात.

या कुटुंबावर पुढे मोठा घाला आला. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ मध्ये आणि थोरला मेलव्हिल १८७० मध्ये क्षयाने गेला. तीन मुलांतला एकच उरला आणि त्याचीही तब्येत नाजूक. आईवडिलांनी सगळं गुंडाळलं आणि चांगल्या हवेसाठी १८७० साली कॅनडातल्या ब्रँटफर्ड गावी स्थलांतर केलं.

बोस्टनचे बेल सर

१८७१ साली बोस्टनमधल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत वडिलांची लिपी शिकवायला अलेक गेले. वय २४. तिथल्या मुख्याध्यापिका होत्या सारा फुलर. शाळेतल्या शिक्षिकांना ती पद्धत शिकवायची आणि मुलांकडून उच्चार करून घ्यायचे, हे त्यांचं काम. ते त्यांना इतकं जमलं की नॉर्थॅम्प्टन आणि हार्टफर्डच्या शाळांनीही बोलावलं. १८७३ मध्ये ते बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले, पण खासगी विद्यार्थी घेणं सोडलं नाही.

त्यांतला एक म्हणजे जॉर्ज सँडर्स, जन्मापासून बहिरा, पाचेक वर्षांचा. बेल यांनी त्याच्यासाठी एक हातमोजा तयार केला आणि त्यावर अक्षरं लिहिली. मोज्यावर बोट ठेवत ठेवत जॉर्ज शब्द तयार करायला शिकला. आज आपण ज्याला शैक्षणिक साहित्य म्हणतो तेच हे, खर्च जवळजवळ शून्य. जॉर्जच्या शिक्षणासाठी बेल सालेम गावी त्याच्या आजीच्या घरी राहायला गेले. दिवसा शिकवायचं आणि रात्री त्याच घरात प्रयोग करत बसायचं, असा दिनक्रम सुरू झाला.

दुसरी विद्यार्थिनी मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरमध्ये तिची ऐकण्याची शक्ती पूर्ण गेली होती. तिच्या वडिलांनी, गार्डिनर हबर्ड यांनी, मुलीचं बोलणं टिकवण्यासाठी जंग जंग पछाडलं आणि १८६७ साली नॉर्थॅम्प्टनची कर्णबधिर शाळा सुरू होण्यात पुढाकार घेतला. मेबल ओठ वाचण्यात तरबेज झाली. पुढे ११ जुलै १८७७ रोजी बेल आणि मेबल यांचं लग्न झालं. नव्या टेलिफोन कंपनीतले दहा शेअर स्वतःकडे ठेवून बाकी सगळे बेल यांनी लग्नात मेबलच्या नावावर केले.

जॉर्जचे वडील थॉमस सँडर्स चामड्याचे व्यापारी होते, हबर्ड वकील होते. बेल यांच्या प्रयोगांना पैसे पुरवले ते या दोन पालकांनी. कर्णबधिर मुलांच्या पालकांनी शिक्षकावर विश्वास टाकला नसता, तर टेलिफोन बेल यांच्या हातून झालाच नसता. आपल्या पालकसभांमध्ये हे सांगण्यासारखं आहे.

एक डॉक्टर, एक शिक्षक आणि एक कान

आता या चरित्रातला मला सर्वांत आवडणारा भाग. बेल यांना आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचाच आवाज डोळ्यांनी दाखवायचा होता. मुलाने आ म्हटलं की काचेवर एक आकार उमटावा, शिक्षकाच्या आ चा आकार शेजारी असावा आणि दोन्ही जुळेपर्यंत मुलाने प्रयत्न करावा, अशी कल्पना. आवाजाच्या रेघा काढणारं यंत्र त्या काळी होतं, पण त्याच्या रेघा मनासारख्या येत नव्हत्या.

बोस्टनमध्ये क्लॅरेन्स ब्लेक नावाचे कानाचे डॉक्टर होते. बेल त्यांच्याकडे सल्ला मागायला गेले. ब्लेक यांनी सुचवलं की कानाची नक्कल कशाला करायची, खरा कानच वापरा. आणि त्यांनी मेलेल्या माणसाच्या कानाचा आतला भाग मिळवून दिला. १८७४ च्या उन्हाळ्यात तो घेऊन बेल ब्रँटफर्डला आईवडिलांच्या घरी गेले. कानाचा पडदा ओलसर ठेवून मऊ केला, आतल्या इवल्याशा हाडाला गवताची काडी जोडली आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या काचेला टेकवलं. कानाशी तोंड नेऊन बोललं की पडदा हलायचा, पडद्याबरोबर हाड, हाडाबरोबर काडी, आणि काचेवर नागमोडी रेघ उमटायची.

हे करताना बेल यांच्या डोक्यात एक विचार चमकला. कानाचा पडदा पातळ कागदासारखा असतो. मानाने त्याला जोडलेली हाडं जड असतात. एवढासा पडदा ती हाडं हलवू शकतो, तर जरा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवू शकणार नाही? लोखंड चुंबकाजवळ हललं की तारेत वीज कमीजास्त होईल, ती वीज दुसऱ्या टोकाला दुसरा पडदा हलवील आणि आवाज परत तयार होईल. टेलिफोनची मूळ कल्पना ती हीच. म्हणजे पडद्यावर चालणाऱ्या त्या यंत्राचा जन्म कर्णबधिर मुलांसाठी केलेल्या प्रयोगातून झाला आणि तो प्रयोग शिक्षक आणि डॉक्टर एकत्र बसले म्हणून झाला. डॉक्टरांना कान माहीत होता, पण वर्गातली अडचण माहीत नव्हती. शिक्षकाला अडचण माहीत होती, पण कानाची आतली रचना माहीत नव्हती.

तिसऱ्या माणसाशिवाय हेही अडलं असतं. तो थॉमस वॉटसन, यंत्रांच्या कारखान्यातला तरुण कारागीर. बेल यांचे हात यंत्रकामात फारसे चालत नसत. वॉटसनचे चालत. २ जून १८७५ रोजी वॉटसनच्या बाजूची एक पट्टी अडकली, त्याने ती छेडली आणि तिचा नाद तारेतून बेल यांना ऐकू आला. ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळालं आणि तीनच दिवसांनी, १० मार्चला, शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला तारेतून पहिलं वाक्य समजलं. बेल यांना वयाची २९ वर्षं पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. याच सुमारास एलिशा ग्रे हेही अशाच यंत्रावर काम करत होते. हक्कावरून पुढे कोर्टकज्जे झाले, ते बेल यांच्या बाजूने संपले.

पैसा आला, पण शिक्षक बदलला नाही

१८८० साली फ्रान्स सरकारने बेल यांना व्होल्टा पारितोषिक दिलं, ५०,००० फ्रँकचं. त्या पैशांतून त्यांनी वॉशिंग्टनला प्रयोगशाळा काढली. चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि कारागीर चार्ल्स समनर टेंटर यांच्याबरोबर तिथे आवाज साठवणारं यंत्र सुधारलं. त्या हक्कांतून जो पैसा आला तो त्यांनी कर्णबधिरांविषयीची माहिती गोळा करणाऱ्या व्होल्टा ब्यूरो या संस्थेसाठी लावला.

याच काळात त्यांनी ऐकण्याची शक्ती मोजणारं यंत्रही तयार केलं. तारेची दोन वेटोळी, एकाला टेलिफोनचा कानाला लावायचा भाग. वेटोळी एकमेकांपासून लांब नेली की आवाज बारीक होत जातो. तो कुठे ऐकू येईनासा होतो, त्या अंतरावरून कान किती चांगला हे ठरवायचं. शाळेतल्या मुलांचे कान त्यांनी असे तपासले, तेव्हा कुणाच्याही लक्षात न आलेली, कमी ऐकू येणारी मुलं सापडली. शिक्षकांना ती मुलं मंद किंवा बेशिस्त वाटत होती. हे वाचलं तेव्हा माझा तो मागच्या बाकावरचा मुलगा डोळ्यांपुढे आला. १४० वर्षांपूर्वी जे दिसलं ते मला माझ्या वर्गात दिसलं नव्हतं.

१८८६ मध्ये एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बेल यांच्याकडे आले. तिला दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. ती हेलन केलर. बेल यांनी तिच्या वडिलांना बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेशी संपर्क साधायला सांगितलं आणि तिथून ॲन सुलिव्हन ही शिक्षिका हेलनच्या घरी पोचली, ती तारीख ३ मार्च १८८७, बेल यांचा चाळिसावा वाढदिवस. बेल आणि हेलन यांची मैत्री आयुष्यभर टिकली. १८९३ मध्ये व्होल्टा ब्यूरोच्या इमारतीची पहिली कुदळ बारा वर्षांच्या हेलनने मारली. १९०३ साली आलेलं आपलं आत्मचरित्र तिने बेल यांनाच अर्पण केलं.

मोठ्या माणसाची मोठी चूक

इथे थांबलो असतो तर हा नेहमीचा गौरवपाठ झाला असता. पण मुलांना अर्धं चरित्र सांगू नये असं मला वाटतं.

कर्णबधिरांना शिकवण्याच्या दोन पद्धती तेव्हा होत्या. एक खुणांच्या भाषेची, दुसरी ओठ वाचून तोंडाने बोलायला शिकण्याची. बेल दुसरीचे कट्टर समर्थक. १८८० साली, म्हणजे ज्या वर्षी आपल्या पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं त्याच वर्षी, इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळांतून बोलण्याचीच पद्धत चालवावी, असा ठराव तिने केला. ठराव करणाऱ्यांत कर्णबधिर माणसं जवळजवळ नव्हतीच. ज्यांच्या भाषेचा निकाल लागत होता, त्यांना कोणी विचारलं नाही. पुढची कित्येक वर्षं अनेक देशांत शाळेत खुणा केल्या तर मुलांना शिक्षा होत असे.

बेल यांनी १८८३ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. कर्णबधिर माणसं एकमेकांशी लग्न करतात, त्यातून बहिऱ्या माणसांची वेगळी जातच तयार होईल, अशी भीती त्यांनी मांडली. कायद्याने अशी लग्नं थांबवणं त्यांना योग्य वाटलं नाही. पण मुलांना एकत्र ठेवणाऱ्या निवासी शाळा, खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक या तिन्ही गोष्टी नकोत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या नावाला वजन होतं. त्यामुळे अमेरिकेत कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या कमी होत गेल्या. उत्तम संतती घडवण्याच्या नावाखाली माणसांची प्रतवारी करणाऱ्या चळवळीतही बेल यांचं नाव होतं. त्या चळवळीने पुढे जगभर फार नुकसान केलं.

त्यांची भीती शास्त्रानेही टिकली नाही. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात. आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम जगापुढे आले ते १९०० साली. बेल यांना ते माहीत नव्हते. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथल्या चिल्मार्क गावात पिढ्यान्‌पिढ्या बरीच कर्णबधिर माणसं होती. बेल यांनी तिथल्या वंशावळी तपासल्या, पण त्यांना उत्तर सापडलं नाही. गंमत म्हणजे त्या गावात ऐकू येणारी माणसंसुद्धा खुणांची भाषा बोलायची. शेतकरी, कोळी, दुकानदार सगळेच. त्यामुळे तिथे बहिरं असणं ही अडचणच राहिली नव्हती. बेल वंशावळीत उत्तर शोधत राहिले आणि उत्तर रस्त्यावर सगळ्यांच्या हातांवर होतं.

बेल यांना विरोध करणारे प्रमुख होते एडवर्ड माइनर गॅलॉडेट, वॉशिंग्टनच्या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाचे प्रमुख. दोन्ही पद्धती वापराव्यात, असं ते म्हणत. आश्चर्य असं की त्यांचीही आई कर्णबधिर होती. दोघांनी आयुष्याचा पहिला धडा बहिऱ्या आईकडून घेतला. एकाची आई खुणांच्या भाषेत वाढलेली, दुसऱ्याची बोलणाऱ्यांच्या जगात. म्हणून दोघांची मतं इतकी वेगळी झाली असावीत.

माझ्या मते या चरित्राचं सार इथे आहे. बेल यांनी डॉक्टर, कारागीर, पालक यांना बरोबर घेतलं तेव्हा त्यांच्या हातून मोठं काम झालं. ज्यांच्यासाठी काम करायचं त्या कर्णबधिर माणसांना सल्ला मागायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांनी तो मागितला नाही आणि तिथेच ते चुकले. हेतू वाईट नव्हता. आईवर, पत्नीवर, विद्यार्थ्यांवर त्यांचं अतोनात प्रेम होतं. पण नुसतं प्रेम पुरत नाही, ऐकूनही घ्यावं लागतं.

अखेर आणि पुढचा प्रवास

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातल्या बेन व्रिआ या आपल्या घरी बेल वारले. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. मेबलही जेमतेम पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ ला गेली. नवऱ्याने शोधलेल्या टेलिफोनवर तिला कधीच बोलणं ऐकता आलं नाही.

टेलिफोनचा खरा उपयोग कर्णबधिरांना नंतर झाला. १८९८ च्या सुमारास मिलर रीझ हचिसन यांनी टेलिफोनच्याच भागांतून विजेवर चालणारं श्रवणयंत्र केलं. आवाजाची पातळी मोजण्याच्या एककाला बेल यांचं नाव मिळालं. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. गणपतीच्या दिवसांत पेपरात रोज येणारा शब्द, पण त्यात बेल सर लपले आहेत हे कितीजणांना माहीत असतं?

यंत्राने आवाज मोठा करूनही ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट आलं. त्यात आतल्या कानातल्या शंखात बारीक तार बसवून नसेला थेट विजेचे संकेत देतात. त्याचा पहिला प्रयत्न १९५७ मध्ये पॅरिसला झाला. ऑस्ट्रेलियात ग्रेम क्लार्क या कानाच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये मेलबर्नला अनेक टोकं असलेलं इम्प्लांट बसवलं. त्यांच्या वडिलांना ऐकू कमी यायचं. शल्यचिकित्सक, अभियंते, वाचातज्ज्ञ, उद्योग आणि स्वतः रुग्ण अशी सगळी मंडळी त्या कामात होती. बेल आणि ब्लेक यांनी एका कानावर सुरू केलेली भागीदारीच मोठी झाली म्हणायची.

आणि मिलानच्या ठरावाचं काय झालं? १३० वर्षांनी, २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत तो नाकारला गेला आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त झाला.

आपल्याकडे भारतातली कर्णबधिर मुलांची पहिली शाळा मुंबईत माझगावला १८८५ च्या सुमारास सुरू झाली. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिथे तपासणी, उपचार, संशोधन आणि शिक्षकांचं प्रशिक्षण एकाच छताखाली चालतं. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन केंद्र निघालं आणि २०२१ पर्यंत त्यांच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही या भाषेचा उल्लेख आहे. मूकबधिर हा जुना शब्दही आता मागे पडतो आहे. ही मुलं मुकी नसतात, त्यांना ऐकू येत नाही एवढंच. म्हणून कर्णबधिर म्हणावं.

आपल्या वर्गासाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या लहान मुलांमधला सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारखा आहे. कानाचा संसर्ग, गोवर, रुबेला, जन्मावेळच्या अडचणी ही त्याची कारणं. म्हणून गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. बाळाची श्रवण तपासणी एक महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत, असा सोपा नियम आहे. घरात नवं बाळ आलं असेल तर पालकांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

शिक्षकांनी या खुणा पाहाव्यात. मूल सारखं काय, काय असं विचारतं का, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतं का, एकच कान पुढे करतं का, श्रुतलेखनात सारख्या आवाजांचे शब्द चुकवतं का, सर्दी झाली की अभ्यासात मागे पडतं का, टीव्ही मोठा लावतं का. यातल्या दोन-तीन खुणा दिसल्या तर शेरा लिहिण्याआधी पालकांना बोलवा आणि कान तपासायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या शाळेत येत असेल तर त्या मुलाचं नाव पुढे करा. कानात तेल, काडी, पिन घालू नका.

आता दोन उपक्रम. पहिला, आवाज न काढता पाल, बाल, माल हे तीन शब्द फक्त ओठांनी म्हणा आणि मुलांना ओळखायला सांगा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात, त्यामुळे कोणालाच नक्की सांगता येत नाही. ओठ वाचणं किती अवघड असतं हे मुलांना दोन मिनिटांत समजतं. दुसरा, फुगवलेला फुगा दोन्ही हातांत धरून मुलाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने फुग्याजवळ तोंड नेऊन बोलायचं. आवाज हातांना जाणवतो. अलेकने आईच्या कपाळाशी जे केलं, तेच हे.

आमच्या शनिवार पेठेत उत्सवाच्या आधी नदीपात्रातून ढोलताशाच्या सरावाचा आवाज वर्गापर्यंत येतो, बाजीराव रस्त्याचे हॉर्न तर बाराही महिने असतात. नियमाप्रमाणे शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा असते. ढोल वाजवणारी ताई-दादा मंडळी आपलीच आहेत. त्यांच्या कानात बोळे आहेत का, एवढं तरी घरच्यांनी बघावं. मिरवणुकीत लहान बाळाला खांद्यावर घेऊन ढोलाच्या अगदी पुढ्यात उभं राहू नये.

आणि शेवटी त्या मुलाविषयी. कान बरे झाल्यावर मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि त्याच्या वहीतले माझे तिन्ही शेरे खोडले. आता दर जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मी एक गोष्ट करते. मुलं पाठमोरी उभी करून मागून हळू आवाजात एकेकाचं नाव घेते. नाव ऐकलं की मुलाने हात वर करायचा. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. पण ज्याचा हात वर जात नाही, त्याला मी रागवत नाही. त्याच्या आईला फोन करते.